युगांडा : नोव्हेंबर १९७२ नंतरचे कोणी लिहिले आहे का?

शाळाबाई (धागाकर्ती)

आपल्याकडे युगांडाचा विषय निघाला की हुकूमशहा इदी अमीन, नव्वद दिवसांची मुदत, बरोबर नेता येणारे पन्नास पौंड आणि विमानतळावरची झडती यांवरून तो सुरू होतो आणि तेथेच संपतो. ४ ऑगस्ट १९७२ रोजी तोरोरोच्या लष्करी छावणीत अमीनने आशियाई लोकांना घालवून देण्याची घोषणा केली आणि ८ नोव्हेंबरला मुदत संपली, यात काही चूक नाही. परंतु मुदत संपल्यावरही सुमारे एक कोटी माणसे त्या देशात राहतच होती, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारखी थोडीफार भारतीय कुटुंबेही होती.

माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते आणि मी कम्पालातील मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. आम्ही १९७० साली गेलो आणि १९८२ साली परतलो. शिक्षक, डॉक्टर आणि सरकारी नोकर यांना सवलत आहे, नाही, पुन्हा आहे, असे त्या ऑगस्टमध्ये उलटसुलट जाहीर होत होते. आमचे नाव अखेर सवलतीच्या यादीत राहिले आणि यजमानांचा करार संपायचा होता, म्हणून आम्ही राहिलो. यात शौर्य काहीच नव्हते.

आता पुतण्या आणि भाच्या आठवणी लिहून काढ म्हणून मागे लागल्या आहेत. त्यांना हवा आहे तो अमीन आणि ती हकालपट्टी. मला मात्र डोळ्यांसमोर दिसतात त्या पुढची दहा वर्षे तेथे जगलेल्या माणसांच्या हालअपेष्टा. १९७२ नंतर तेथे राहिलेले, किंवा पुढे परतून गेलेले कोणी येथे असल्यास कृपया लिहावे. असे काही मराठीत वाचण्यात आले असल्यास तेही सांगावे.

पणजीचा_पाऊस

बाई, माझे वडील एंटेबेला सरकारी कचेरीत कारकून होते. गोवेकरांची तेथे मोठी वस्ती होती. कचेरी, चर्च आणि संध्याकाळी गोवन इन्स्टिट्यूटमध्ये पत्ते आणि बिलियर्ड, असे त्यांचे आयुष्य होते. आमच्या घरातली गोष्टसुद्धा तुम्ही म्हणता तशी १९७२ लाच संपते, परंतु त्याचे कारण असे की तोपर्यंत घरच मोडले होते.

वडिलांकडे ब्रिटिश पारपत्र होते आणि आईने युगांडाचे नागरिकत्व घेतले होते. कागद तपासण्यासाठी लोकांना रांगांत उभे केले, तेव्हा जुने नागरिकत्व ठरलेल्या मुदतीत सोडले नव्हते, असे तांत्रिक कारण दाखवून हजारो लोकांचे नागरिकत्व बाद ठरवण्यात आले. आईचेही तसेच झाले. एका सहीसरशी ती कोणत्याच देशाची राहिली नाही. अशा लोकांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित विभागाने ऑस्ट्रिया, इटली, माल्टा अशा ठिकाणच्या छावण्यांत हलवले. वडील इंग्लंडमध्ये सफोकला स्ट्रॅडिशॉलच्या छावणीत आणि आई ऑस्ट्रियात, अशी काही महिने ताटातूट झाली. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, त्यामुळे माझा जन्म ऑस्ट्रियात झाला. हे सांगितले की लोकांना वाटते आम्ही फार श्रीमंत होतो.

निळावंती

बाई, एंटेबे विमानतळावर ओलिसांना सोडवण्यासाठी झालेली इस्रायली धाड तुम्ही अनुभवली असेल ना? त्याबद्दल आधी लिहा.

शाळाबाई

निळावंती, आम्ही राहत होतो तेथून एंटेबे सुमारे पस्तीस किलोमीटर दूर होते. ४ जुलै १९७६ च्या पहाटे आम्ही गाढ झोपेत होतो. सकाळी बीबीसीवरून कळले, तेसुद्धा रेडिओ उशीखाली ठेवून ऐकल्यावर, कारण परदेशी बातम्या ऐकताना सापडणे धोक्याचे होते. धाड तासा-दीड तासात आटोपली, पण तिचा सूड पुढे बराच काळ चालला. केनियाने इस्रायली विमानांना इंधन दिले म्हणून युगांडातील केनियन लोकांवर सैनिक तुटून पडले. मुलागो रुग्णालयात दाखल असलेल्या डोरा ब्लॉक या वृद्ध ओलीस बाईंना तेथून ओढून नेऊन मारण्यात आले. आमच्या शाळेतील स्वयंपाकी केनियाच्या बाजूचा, लुओ जमातीचा होता. तो त्या आठवड्यात कामावर आला नाही आणि नंतरही कधी आला नाही. धाडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी लिहिणार आहे ते त्या स्वयंपाक्याबद्दल.

अभ्यासू_अण्णा

धाग्याचा हेतू चांगला आहे, परंतु एक बाजू राहून जाते आहे. आशियाई लोकांविषयीची चीड अमीनने एका रात्रीत निर्माण केली नाही. कापसाच्या जिनिंग गिरण्या आणि घाऊक-किरकोळ व्यापार ब्रिटिशांच्या काळापासून बव्हंशी आशियाई लोकांच्या हातात होता. १९४९ मध्ये बुगांडात, म्हणजे कम्पालाभोवतीच्या राज्यात, दंगे झाले, त्यामागे कापसाचे भाव आणि जिनिंगची मक्तेदारी हे प्रश्न होते. १९५९ मध्ये ऑगस्टीन काम्या यांच्या पुढाकाराने आशियाई दुकानांवर बहिष्कार घालण्यात आला. अमीनच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांच्या सरकारनेही १९६९ मध्ये व्यापार परवान्यांचा कायदा करून नागरिक नसलेल्या व्यापाऱ्यांना आवळत आणले होते. घोषणा झाली तेव्हा कम्पालात पुष्कळ लोकांनी आनंद साजरा केला, हेही आठवणींत यायला हवे.

लेस्टरकर

अण्णा, तुमची माहिती खरी आहे, परंतु 'आशियाई' म्हणजे कोण? माधवानी आणि मेहता यांचे साखर कारखाने होते, हे खरे. माझे आजोबा मात्र जिंजाला शिवणयंत्रे दुरुस्त करत आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. तेही त्याच आगगाडीने मोम्बासाला गेले. वाटेत ठिकठिकाणी सैनिक गाडीत चढून झडती घेत आणि अंगावरचे उतरवून घेत. आजीच्या हातातली पाटली निघेना, तेव्हा साबण लावून काढली. पुढे 'करांजा' बोटीने ते मुंबईला उतरले. मक्तेदारी करणारे कोण आणि पाटली कोणाची, याचा हिशेब कोणीही केला नाही.

अभ्यासू_अण्णा

मी समर्थन करत नाही, कारण सांगतो आहे.

तिरकस_तात्या

१९७२ साली मुंबईला उतरलेल्यांचे स्वागत आपण महाराष्ट्रात लाल मिलोच्या भाकरीने केले असणार. दुष्काळाचे साल निवडून आल्याबद्दल त्यांचे अभिनंदन.

लेस्टरकर

तात्या, अगदी तसेच झाले. आजी म्हणत असे की अमीनने देश सोडायला लावला आणि मिलोने मुंबई.

गोदाकाठ

बाई, त्या वेळी सैनिकांना आशियाई लोकांची दुकाने वाटून दिली आणि त्यांना किंमत ठरवता येत नसल्यामुळे गळपट्टीच्या मापाचा आकडा हीच शर्टाची किंमत समजून ते विकत, असे मी ऐकले आहे. हे खरे आहे का?

शाळाबाई

ही गोष्ट मी कम्पालात असंख्य वेळा ऐकली, परंतु असा शर्ट स्वतः विकत घेतलेला माणूस मला कधी भेटला नाही. तिच्यात आपल्याच लोकांची थोडी घमेंड मिसळलेली आहे, असे माझे मत आहे. दुकाने वाटली गेली हे मात्र नक्की. ज्यांना ती मिळाली त्यांना लोक 'माफुता मिंगी' म्हणत, म्हणजे अंगावर पुष्कळ चरबी चढलेले. त्यांनी माल विकला, पण नवा माल मागवणार कोण? परकीय चलन नाही, पुरवठादारांशी ओळख नाही, बँकेतली पत नाही. काही महिन्यांत फळ्या मोकळ्या झाल्या. मग साखर, मीठ, साबण आणि रॉकेल या चार वस्तूंभोवती सगळे आयुष्य फिरू लागले. उघड बाजारात काही मिळत नसे आणि 'मागेंडो'त, म्हणजे काळ्या बाजारात, सगळे मिळे. शिक्षकाच्या पगारात महिना निघेनासा झाला. आमच्या मुख्याध्यापिका शाळेच्या मैदानाच्या कडेने कसावा आणि रताळी लावत असत. ज्याच्याजवळ मटोकेची, म्हणजे केळीची, बाग होती तो तरला. युगांडाची माती इतकी उदार नसती तर त्या वर्षांत दुष्काळच पडला असता.

प्रयोगशाळेचे सांगते. स्पिरिटच्या दिव्यांना स्पिरिट मिळेना, तेव्हा मी वारागी आणवत असे. केळीपासून गावठी पद्धतीने गाळलेली ती दारू चांगली कडक असली तर निळ्या ज्योतीने जळते. सल्फ्युरिक आम्ल जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांतून काढलेले असे. गाळण कागद नव्हता, म्हणून मुली वहीचा पाठकोरा कागद मऊ करून वापरत आणि त्यावर शाई असली तर क्षाराचा रंग कोणता, यावर वाद होई. परीक्षा मात्र दरवर्षी झाली.

तिरकस_तात्या

दिव्यातली वारागी तासाच्या शेवटी मोजून घेत होता की नाही?

शाळाबाई

प्रयोगशाळेचा मदतनीस मोजत असे, आणि माप दरवेळी कमीच भरे.

तोफखाना

आता युद्धावर यावे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमीनच्या सैन्याने टांझानियात घुसून कागेरा नदीपर्यंतचा पट्टा बळकावला, तो युगांडाला जोडल्याचे जाहीर केले आणि क्याकाचा पूल उडवून दिला. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी सैन्याची जमवाजमव करून प्रतिहल्ला चढवला. फेब्रुवारी १९७९ मध्ये मसाका आणि म्बरारा पडले. मार्चमध्ये लुकाया येथे गडाफीने पाठवलेल्या लिबियन तुकडीसह अमीनच्या सैन्याशी मोठी लढाई झाली. ७ एप्रिलला एंटेबे आणि ११ एप्रिलला कम्पाला पडले. एका गरीब आफ्रिकी देशाने स्वतःच्या खर्चाने शेजारचा हुकूमशहा घालवला, हे उदाहरण दुर्मीळ आहे आणि टांझानियाला त्याची आर्थिक किंमत अनेक वर्षे मोजावी लागली. माझ्या मते ही त्या खंडातील सर्वांत न्याय्य लढाई होती. बाईंनी ती शहरातून पाहिली असल्यास तपशील द्यावा.

शाळाबाई

तोफखाना, लढाईचा क्रम तुम्ही अचूक दिला आहे. शहरात बसलेल्याला यातले काहीच दिसत नव्हते. युगांडा रेडिओ विजयावर विजय सांगत होता, आणि मसाक्याकडून येणाऱ्या रस्त्यावर अंथरुणे डोक्यावर घेतलेल्या बायका रोज अधिक संख्येने दिसत होत्या. आम्ही त्यांच्यावरून अंदाज बांधत होतो.

मार्चच्या अखेरीस तोफांचे आवाज सुरू झाले. टांझानियाच्या अग्निबाणांना लोक 'साबा साबा' म्हणत. ते सुटताना ऐकू येत आणि मग मध्ये एक रिकामी जागा असे. त्या रिकाम्या जागेत आमचा मुलगा मोठ्याने आकडे मोजायचा, म्हणजे किती लांब पडेल ते कळेल, असे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवले होते. आम्ही जिन्याखाली गाद्या उभ्या करून बसत होतो. शेजारचे मुगांडा, म्हणजे बुगांडातले, कुटुंब रात्री आमच्याकडे येई, कारण आमचा जिना सिमेंटचा होता. यजमानांना दिवसा पंपांवर जावे लागे. अमीनचे सैनिक पळताना मोटारी हिसकावत होते, म्हणून त्यांनी आमच्या गाडीची चाके काढून छपरावर टाकून ठेवली आणि ते पायी जात.

मग एका सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांनी टांझानियाचे सैनिक एकामागून एक चालत आले. ते थकलेले होते, कोणाकडेच ओरडून बोलत नव्हते, आणि त्यांनी स्वाहिलीत पाणी मागितले. शेजारीण रडू लागली. सैनिकाने 'कृपया' म्हटलेले आम्ही आठ वर्षांत ऐकले नव्हते.

त्याच दुपारी लूट सुरू झाली. खुर्च्या, टंकलेखन यंत्रे, संडासाची भांडी, कचेरीतल्या फायलीसुद्धा लोक नेत होते. माझ्या वर्गातली एक मुलगी दंतवैद्याची खुर्ची ओढणाऱ्या भावाला मागून ढकलत होती. मला पाहून ती थांबली आणि तिने 'गुड आफ्टरनून, मॅडम' म्हटले.

तुम्ही लढाई न्याय्य म्हणता, ते मला मान्य आहे. परंतु जूनमध्ये अमीननंतरचे राष्ट्राध्यक्ष युसुफ लुले यांना अवघ्या ६८ दिवसांत काढले, तेव्हा लोक 'नो लुले, नो वर्क' म्हणत रस्त्यावर आले. नंतर बिनाइसा आले, तेही गेले. मग लष्करी आयोग आला. डिसेंबर १९८० च्या निवडणुकीत निकाल जाहीर करण्याचा अधिकार आयोगाच्या पाउलो मुवांगांनी स्वतःकडे घेतला आणि ओबोटे पुन्हा सत्तेवर आले. या काळातल्या रात्री मला अमीनच्या रात्रींहून अधिक भीतिदायक वाटल्या. आधी निदान मारणारा कोण हे कळत असे. १९७९ नंतर गणवेश कोणाच्याही अंगावर असे आणि बंदूक भाड्याने मिळे. अंधार पडला की आम्ही दरवाजाला आतून कपाट लावत असू.

गोदाकाठ

तुमच्या लिहिण्यावरून अमीनची राजवट सुसह्य होती, असा समज होण्याची भीती आहे. बाई, हे जरा तपासून पाहावे.

शाळाबाई

तसा समज होऊ नये, म्हणून हे लिहिते. कम्पालाहून जिंजाला जाताना वाटेत नामान्वेचे जंगल लागते. प्रेते तेथे टाकली जात, हे सर्वांना ठाऊक होते. टॅक्सीत कितीही गप्पा रंगलेल्या असोत, ते जंगल आले की सगळे गप्प होत आणि चालक वेग वाढवी. मुख्य न्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना सप्टेंबर १९७२ मध्ये उच्च न्यायालयातून उचलून नेले. आर्चबिशप जनानी लुवुम यांना फेब्रुवारी १९७७ मध्ये मारले आणि मोटार अपघात झाल्याचे जाहीर केले. लुवुम उत्तरेकडच्या अचोली जमातीचे होते. अचोली आणि लांगी लोकांना शोधून शोधून नेले जात असताना माझ्या वर्गातल्या अशा मुली सुटीत गावी जायला घाबरत. एकीच्या वडिलांना नाकासेरोला, गुप्त पोलिसांच्या मुख्यालयात, नेले, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी वर्गात बसली होती आणि मी आवर्तसारणी शिकवत होते. मी तिला काही विचारले नाही, कारण वर्गात कोणाचे नातेवाईक गुप्त पोलिसांत आहेत हे मला ठाऊक नव्हते.

मुटका

मी २००४ साली मदतकार्यासाठी उत्तर युगांडात गुलूला होतो. मला येथे थोडी तक्रार नोंदवायची आहे. बाई म्हणतात की आपल्या लोकांची गोष्ट १९७२ ला संपते. दक्षिणेतल्या युगांडन लोकांची गोष्ट २६ जानेवारी १९८६ ला संपते, कारण त्या दिवशी बंडखोर नेते मुसेवेनी यांचे सैन्य कम्पालात शिरले आणि त्यांना शांतता मिळाली. अचोली भागात युद्ध सुरू झाले ते त्याच वर्षी. मी गेलो तेव्हा बंडखोर नेता कोनी याच्या टोळ्या मुले पळवत असल्यामुळे खेड्यांतली मुले रोज संध्याकाळी चालत शहरात येत, व्हरांड्यांत आणि बसस्थानकावर झोपत आणि पहाटे परत जात. उत्तरेत पंधरा लाखांहून अधिक लोक छावण्यांत राहत होते. कम्पालातल्या चहाच्या टेबलावर त्याची चर्चाही नसे. बाईंच्या वर्गातल्या त्या अचोली मुलीला पुढे नातवंडे झाली असतील, तर तीही बहुधा त्या व्हरांड्यांत झोपली असतील.

शाळाबाई

मुटका, हे मला कोणी आजवर असे सांगितले नव्हते. माझेही लिखाण १९८२ ला थांबते, कारण मी विमानात बसले. ल्युवेरोतले, म्हणजे कम्पालाच्या उत्तरेकडच्या युद्धग्रस्त भागातले, सर्वांत वाईट दिवस त्यानंतरचे आहेत. आम्ही निघालो तेव्हा 'पांडा गारी' चालू झाले होते. सैनिक वस्तीला वेढा घालत, पुरुषांना ट्रकमध्ये चढवत, आणि त्यातले कित्येक परत येत नसत. १९८६ नंतर ल्युवेरोच्या रस्त्याकडेला कवट्यांच्या राशी मांडलेल्या छायाचित्रांतून मी पाहिल्या. आमचा माळी त्या भागातला होता.

पणजीचा_पाऊस

मूळ प्रश्नाकडे येतो. बाई, आठवणी लिहिताना विद्यार्थिनींची खरी नावे घालणार का? माझ्या आईने एकदा छावणीबद्दल बोलताना सहप्रवाशांची नावे घेतली, तेव्हा नंतर दोन घरांत अबोला झाला.

शाळाबाई

मुलींची नावे आणि गावे बदलेन. जमात बदलणार नाही, कारण त्यांना नेले ते जमातीमुळेच. स्वयंपाक्याचे नाव मात्र लिहावेसे वाटते. त्याच्यासाठी दुसरे कोणी काही लिहील, असे दिसत नाही.

अभ्यासू_अण्णा

लिहाच. आधी मी घेतलेला आक्षेप कायम आहे, पण तुमच्या पुस्तकाला तो लागू होणार नाही, असे दिसते.

लेस्टरकर

बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, हे मला आत्ता सुचले. माझी आत्या १९९४ साली जिंजाला परत गेली. मुसेवेनी सरकार आशियाई लोकांची घरे परत देत होते, पण आजोबांचे स्वतःचे घरच नव्हते. तिच्या सासऱ्यांचे मात्र होते. त्यात चार कुटुंबे वीस वर्षे भाड्याने राहत होती आणि भाडे ते सरकारी कस्टोडियन मंडळाला भरत आले होते. त्यांना काढायचे कसे, हा प्रश्न तिला झोपू देईना, कारण आपल्यालाही असेच काढले होते, हे तिला आठवत होते. शेवटी तिने दोन खोल्या घेतल्या आणि बाकीचे भाडेकरू ठेवले. ती अजून तेथेच आहे आणि आता तीच त्यांच्याकडून भाडे घेते. त्यावरूनही भांडणे होतात.

मी काल तिला फोन करून या धाग्याबद्दल सांगितले. रविवारी तुमच्याशी बोलायला ती तयार आहे, मात्र तिची एक अट आहे. ती १९९४ पासून सुरुवात करील आणि अमीनबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

शाळाबाई

अट मान्य आहे. भारतातल्या वेळेनुसार दुपारी चारनंतर फोन करावा. त्याआधी माझ्या डोळ्यांत औषध घातलेले असते आणि मला लिहून घेता येत नाही.